न्यूज चॅनलच्या इंटरव्ह्यूत तुसडेपणाने वागवलं तर काय करायचं: नेहमी येणारे प्रश्न

मी १४ वर्षं मराठी न्यूज चॅनलांच्या डेस्कवर काढली, आधी ट्रेनी, मग बुलेटिन प्रोड्युसर, शेवटी शेवटी तर माणसं निवडणाऱ्या पॅनलवर पण बसलो. आता पोरांना शिकवतो. दरवर्षी कोर्स संपला की ही मुलं बॅगा घेऊन मुंबई गाठतात आणि मग रात्री ११ नंतर मला मेसेज यायला लागतात, आणि गंमत म्हणजे "सर तयारी कशी करू" असे मेसेज कमी आणि "सर ते माझ्याशी असं का बोलले" असे जास्त. तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं इथं टाकतोय.

प्र. चॅनलवाले इंटरव्ह्यूत एवढे खेकसतात का?

कारण इंटरव्ह्यू चालू असतो तेव्हा चॅनल पण चालू असतं. बँकेत किंवा आयटीत तुमच्यासाठी एक शांत खोली आणि अर्धा तास राखून ठेवतात, इथं इनपुट हेडच्या (बातम्या गोळा करणाऱ्या विभागाच्या प्रमुखाच्या) काचेच्या केबिनमध्ये बसवतात, भिंतीवर सात-आठ टीव्ही म्यूटवर, प्रत्येकावर वेगळं चॅनल, आणि समोरच्या माणसाचा एक डोळा कायम तिकडे की आपल्याआधी कुणी ब्रेकिंग टाकली का. मधेच असाइनमेंटवरून (रिपोर्टरना कुठं पाठवायचं ते ठरवणाऱ्या डेस्कवरून) कुणीतरी दार ढकलून विचारणार की ओबी, म्हणजे लाईव्हची गाडी, पुढे काढू का इथंच ठेवू. त्यातून गुरुवार असेल आणि टीआरपीचे आकडे पडलेले असतील तर बघायलाच नको. तारीख निवडायला मिळाली तर गुरुवार टाळा, मतमोजणीचा दिवस टाळा, बजेटचा दिवस टाळा.

हे झालं कारण, पण ही सबब नाही. याच धबडग्यात नीट बोलणारी माणसं मी पाहिलीत. दुसरं म्हणजे बऱ्याच जणांना वाटतं की आपण नवीन असताना शिव्या खाल्ल्या म्हणजे ती या धंद्याची रीतच आहे. सासूने छळलं म्हणून सुनेला छळायचं, तसलाच प्रकार.

प्र. मुद्दाम प्रेशर टाकून बघतायत का खरंच अपमान करतायत, हे कसं ओळखायचं?

बोलणं कामावर आहे का तुमच्यावर, एवढं बघा. "तुमच्या पीटूसीत (कॅमेऱ्याकडे बघून बोललेल्या भागात) पहिली १० सेकंद वाया गेली, माहिती कुठाय?" हे कितीही जोरात बोलले तरी कामावर आहे. "तुमच्या कॉलेजात काय शिकवतात हो, भजी तळायला?" हे कामावर नाही, यातून तुम्ही काही सुधारू शकत नाही, फक्त खजील होऊ शकता. प्रेशर टाकणारा उत्तर ऐकायला थांबतो, अपमान करणारा थांबत नाही, तो बाजूच्या माणसाकडे बघून हसतो. ते बाजूला बघणं लक्षात ठेवा, मला तरी ही खूण कधी फसलेली आठवत नाही.

लाईव्हचं प्रेशर खरं असतं हे पण मान्य करा. कानातल्या टॉकबॅकमध्ये पीसीआरवाला (कंट्रोल रूममधला) ओरडतोय, समोर गर्दी ढकलतेय, आणि अँकर भलताच प्रश्न विचारतोय, अशात रिपोर्टरला बोलावंच लागतं. म्हणून मधेच तोडणं, उलट प्रश्न, "३० सेकंदात सांगा" हे सगळं पॅनलने करावंच. त्याला रुड म्हणू नका.

प्र. माझ्या उच्चारावर हसले. "पानी" म्हणालो म्हणून.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून जास्त येतो, म्हणून जरा लांब लिहितो.

मी परभणीकडचा. २००९ च्या पावसाळ्यात पहिला इंटरव्ह्यू द्यायला गेलो, चॅनलचं नाव जाऊ द्या. समोरच्या साहेबांनी पेपर पुढे सरकवला, वाच म्हणाले. बातमी धरणाच्या पाणीसाठ्याची, म्हणजे माझं नशीबच बघा, पहिल्याच ओळीत तीन वेळा पाणी. मी वाचलं. ते थांबले, दार उघडून बाहेरच्या एकाला हाक मारली, "अरे ये ये, ऐक. हां, परत वाच रे." मी परत वाचलं. दोघं हसले. तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि मी तिसऱ्यांदाही वाचलं, कारण मला वाटलं ही परीक्षाच आहे. आज त्या गोष्टीत मला राग साहेबांचा कमी आणि त्या तिसऱ्या वाचनाचा जास्त येतो.

आता शांतपणे बघू. टीव्हीवर बातमी वाचायची तर ण-न, ळ-ल, श-स स्वच्छ पाहिजेत ही मागणी रास्त आहे. अँकरच्या ऑडिशनला "चारचाकी" आणि "जहाज" वाचायला देतात ते उगाच नाही, चारचाकीतला पहिला च तालव्य आणि दुसरा दंततालव्य, जहाजातला पहिला ज तालव्य आणि शेवटचा दंततालव्य, आणि शहरातली इंग्रजी मिडियमची पोरं तिथं धडाधड पडतात. त्यांना मात्र कुणी "ये ये, ऐक" करत नाही, हसू फक्त गावाकडच्या चुकीवर येतं. कोल्हापूरची मुलगी "मी आलो" म्हणाली की हसतात, नागपूरकर "करून राहिलो" म्हणाला की हसतात, आणि हीच माणसं पूर आला की त्याच कोल्हापूरच्या स्ट्रिंगरला (बातमीमागे पैसे मिळणाऱ्या स्थानिक बातमीदाराला) रात्री दोनला फोन करून फोनो, म्हणजे फोनवरून लाईव्ह माहिती, मागतात.

उत्तर काय द्यायचं? मी पोरांना हे पाठ करून घेतो: "हो सर, ण वर काम चालू आहे, रोज अर्धा तास मोठ्याने वाचतो. पण पोस्ट रिपोर्टरची आहे ना, तर माझ्या जिल्ह्यातली एक स्टोरी सांगू का?" बस. चूक कबूल, लाज नाही, आणि गाडी परत कामावर. हसणाऱ्याला पुढे काही मिळत नाही. आणि परत वाचायला सांगितलं तर विचारा, "कुठला शब्द दुरुस्त करू?" एकदा वाचा. तिसऱ्यांदा वाचू नका.

कुणी "स्ट्रिंगरचा भाऊ" म्हणालं, "प्युअर लँग्वेज" म्हणालं, तरी असल्या टोमण्यांना उत्तर देत बसू नका.

प्र. पहिल्या मिनिटापासून "तू" म्हणत होते. हे चालतं का?

न्यूजरूममध्ये सगळेच तू असतात, ५५ वर्षांचा कॅमेरामन पण आणि काल लागलेली ट्रेनी पण, बुलेटिनला दोन मिनिटं राहिली की कोण अहो-जाहो करत बसणार. त्यामुळे नुसत्या तू वर जाऊ नका. पण पॅनलवर तिघं आहेत, बरोबरच्या मुंबईच्या मुलाला "तुम्ही काय कव्हर केलंय" आणि तुम्हाला "तू काय केलंस रे", असा फरक दिसला तर मग समजून घ्या. तुम्ही तुमचं सर, मॅडम, तुम्ही सोडू नका, आणि लाडीगोडीने दादा-ताई पण म्हणू नका, निदान नोकरी लागेपर्यंत.

प्र. टेस्टची कॉपी माझ्यासमोर भिरकावली, "ही काय भाषा आहे?" म्हणाले.

भिरकावली ते वाईटच. पण कागद उचला आणि विचारा, "कुठली ओळ सर?" खरोखर चांगला डेस्कवाला असेल तर तो चिडलेला असताना सुद्धा ओळ दाखवतो, त्याला राहवतच नाही. माझ्या एका सीनियरने असाच कागद आपटला होता आणि मी विचारल्यावर म्हणाला, "मुख्यमंत्र्यांनी घटनास्थळी भेट दिली म्हणजे कुणाला भेट दिली? घड्याळ दिलं का? घटनास्थळाला भेट दिली असं लिही." आणि "यावेळी मोठ्या संख्येने उपस्थित होते" वर काट मारली, म्हणाला टीव्हीवर गर्दी दिसतेय, बोलतोस कशाला. त्या दोन मिनिटांत मी जे शिकलो ते वर्षभर क्लासात नव्हतो शिकलो. ज्याला ओळ दाखवता येत नाही तो नुसता ओरडतोय, त्याचं मनावर घेऊ नका.

टेस्ट म्हणजे साधारण एजन्सीची इंग्रजी कॉपी देतात, मराठीत दीड मिनिटाचं पॅकेज (दृश्यं आणि आवाज जोडून केलेली बातमी) किंवा अँकर रीड (अँकरने वाचायचा मजकूर) लिहायचं, वर हेडलाइन आणि टिकर (पडद्याखालची पळती ओळ). वेळ आधीच विचारून घ्या, नाहीतर मागाहून "एवढा वेळ?" हे ऐकावं लागतं.

प्र. चार तास रिसेप्शनवर बसवून ठेवलं.

ब्रेकिंग असेल तर होतं. भिंतीवरच्या टीव्हीकडे बघा, खरंच काही फुटलंय का नेहमीचंच दळण चालूय. पहिला तास गप्प बसा, मग रिसेप्शनवर सांगा की मला परतीची गाडी आहे, आज होईल का दुसरी वेळ घेऊ. लातूरहून, नांदेडहून रात्रभर बसून आलेल्या पोराला "उद्या ये" सांगताना त्यांना खरंच कल्पना नसते की उद्या म्हणजे लॉजचा खर्च. सांगावं लागतं. एखाद्याने येऊन "सॉरी, जरा अडकलोय" म्हटलं तर ते चॅनल बरं समजा.

प्र. मी बोलत होते आणि ते फोन बघत होते.

इथं मी आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. पॅनलवर असताना बीडकडची एक मुलगी ऊसतोड कामगारांच्या कोयत्याबद्दल सांगत होती, म्हणजे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि त्यावर उचल ठरते, आणि मी फोनवर रनडाऊन (बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम) बदलत होतो. ती थांबली. मी मान वर केली तर म्हणाली, "सर, तुमचं झालं की सांगा, मी थांबते." आवाजात राग नाही काही नाही. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की फोन उलटा ठेवला आणि पुढची २० मिनिटं नीट ऐकलं. तिला आम्ही ऑफर दिली, ती आली नाही, दुसरीकडे गेली.

तेच वाक्य वापरा, मी आजवर त्याच्याहून चांगलं ऐकलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद करून कुणी काही चघळत असेल तर "आवाज येतोय ना माझा?" एवढं पुरतं.

प्र. "लग्न कधी?", "मूल झालं की सोडणार ना?", "नाईट शिफ्ट घरचे करू देतील का?"

पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही, भरती करताना बाई म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यापासूनच मनाई आहे. पण तिथं कलमं फेकून नोकरी मिळत नाही हे पण खरं. "शिफ्ट आणि सुट्ट्यांबद्दल विचारायचं असेल तर विचारा, त्याचं उत्तर देते" असं म्हणा, हसत म्हणा.

नाईटचा प्रश्न मात्र उलटवण्यासारखा आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती पाहिजे आणि सुरक्षिततेची आणि जाण्यायेण्याची सोय मालकाने करायची. म्हणून सरळ विचारा, "जमेल की. पिकअप-ड्रॉपची गाडी कुठपर्यंत येते?" मग बघा कोण गडबडतं. कल्याण-डोंबिवलीच्या मुलींना "स्टेशनपर्यंत" असं उत्तर मिळतं, आणि पहाटे तीनला स्टेशनवर उतरून करायचं काय हे कुणी सांगत नाही.

प्र. "स्क्रीनला चालणार नाहीस", रंगावरून, वजनावरून.

अँकरिंगमध्ये दिसण्याबद्दल बोलतातच, ते टळत नाही. केस बांध, चष्म्यावर लाईट मारतोय, हा रंग क्रोमात (मागच्या हिरव्या पडद्यात) जाईल, ही कामाची बोलणी. रंग, वजन, दात यावर शेरे मारले तर एकच म्हणायचं, "स्क्रीन टेस्ट घ्या आणि मग ठरवा." दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर स्मिता पाटील बातम्या वाचायच्या, गोऱ्या नव्हत्या, लोक तरी त्यांच्याकडेच बघत राहायचे. हे तिथं बोलून दाखवू नका, फक्त डोक्यात ठेवा.

प्र. त्याच्या पुढे गेलं तर? म्हणजे अंगचटीला येणं, "रात्री कॉफीला ये मग बोलू"?

मग हा रुडपणाचा विषय राहत नाही. उठा आणि निघा, कारण द्यायची गरज नाही. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा नोकरीत असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही बायकांना लागू आहे, त्यामुळे "मी तर तिथं कामाला पण नव्हते" असं वाटून गप्प बसू नका. १० किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती असावीच लागते, तिची अध्यक्ष बाई असते आणि एक सदस्य बाहेरची असते. तक्रार लेखी, ३ महिन्यांच्या आत, सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवून देऊ शकते. छोटं युट्यूब चॅनल असेल, १० पण माणसं नसतील, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. शी-बॉक्स या सरकारी पोर्टलवरून पण करता येते. त्याच दिवशी घरी जाऊन तारीख, वेळ, कोण हजर होतं, नेमके शब्द, सगळं लिहून काढा आणि स्वतःलाच मेल करा. मेसेज, कॉल डिलीट करू नका, घाण वाटली तरी.

प्र. "आडनाव काय म्हणालात? म्हणजे कुठले तुम्ही?"

हा प्रश्न कशासाठी असतो हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं. "कुठले" ला गाव सांगा, तालुका सांगा, जिल्हा सांगा, पुढे खोदलं तर "बीटबद्दल (मी कुठला विषय कव्हर करतो त्याबद्दल) विचारताय का?" असं विचारा. जातीवरून थेट काही बोलले, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जातीवाचक बोलून अपमान केला, तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, मात्र त्यात चारचौघांदेखत घडलं का हा मुद्दा कोर्टात बघितला जातो, बंद केबिनमधलं सिद्ध करणं अवघड जातं. आधी वकिलाशी बोला.

प्र. पगार सांगितला तर हसले.

हसू द्या. आकडा सांगून गप्प बसा, लगेच स्वतःच खाली येऊ नका, आपली पोरं तिथंच मार खातात, समोरचा काही बोलायच्या आत "नाही म्हणजे थोडं कमी पण चालेल सर". "इथं शिकायला मिळतंय हेच खूप समज" असं म्हणाले तर मुंबईतल्या कॉट बेसिसचं भाडं, लोकलचा पास आणि डबा यांचा हिशोब कागदावर मांडून न्या, तो दाखवा. भावनेपेक्षा बेरीज बरी.

प्र. "आठ दिवस ये, काम बघतो, मग सांगतो" म्हणाले. फुकट.

एक दिवस ठीक. आठ दिवस म्हणजे कुणीतरी रजेवर गेलंय. आणि "पाच स्टोरी आयडिया लिहून दे" म्हटलं तर आयडियाचा मथळा आणि दोन ओळी द्या, माणसांची नावं आणि नंबर देऊ नका. ओरिजिनल मार्कशीट जमा करून बाँड लिहून घेत असतील तर झेरॉक्स द्या आणि ओरिजिनल दाखवून परत पिशवीत टाका.

प्र. मधेच उठून निघून आलो तर नाव खराब होईल का? मराठी चॅनलं मोजकीच आहेत.

मोजकीच आहेत, आणि सगळे एकमेकांना ओळखतात हेही खरं. पण रोज इतकी पोरं येऊन जातात की तिसऱ्या दिवशी तुमचा चेहरा कुणाला आठवत नाही. निघायचं तर भांडून निघू नका. "मला वाटतं हे आपल्या दोघांना जमणार नाही, वेळ दिल्याबद्दल आभार" म्हणायचं, सीव्ही उचलायचा, खुर्ची आत सरकवायची.

आणि निघायच्या आधी एक माहिती काढा: हाच माणूस तुमचा शिफ्ट इनचार्ज असणार आहे का? नसेल तर कदाचित सहन करण्यासारखं आहे, कारण काही केबिनवाले फक्त इंटरव्ह्यूलाच दिसतात. असेल तर तोच उद्या टॉकबॅकमध्ये तुमच्या कानात असणार, रोज नऊ तास. कँटीनमध्ये चहा घ्या आणि एखाद्या व्हिडिओ एडिटरला विचारा, एडिटर लोक सगळं सांगतात.

प्र. मला तिथंच रडू आलं.

येतं. पाणी मागा, दोन घोट घ्या, "हां, पुढचा प्रश्न" म्हणा. मी पॅनलवर असताना रडलेल्यांना पण घेतलंय.

प्र. सह्याद्री, आकाशवाणीला पण असंच असतं का?

तिथलं तंत्र वेगळं. जाहिरात निघते, लेखी परीक्षा, मग आवाजाची किंवा कॅमेऱ्याची चाचणी, पॅनलवर बाहेरचे तज्ज्ञ. बऱ्याचदा ते नैमित्तिक वृत्तनिवेदकाचं पॅनल असतं, म्हणजे पक्की नोकरी नव्हे, ड्युटी लागेल तसे पैसे. तिथं खेकसणं कमी आणि थंडपणा जास्त, "हं, चला, पुढचे". पण प्रसार भारती (दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणारी संस्था) माहिती अधिकाराखाली येते, त्यामुळे आपले गुण मागायला २००५ च्या कायद्याखाली अर्ज टाकता येतो. खासगी चॅनलात ती सोय नाही.

प्र. नाव घेऊन पोस्ट टाकू का?

रागात नको. दोन दिवस थांबा. शोषणाची गोष्ट असेल तर आधी समिती किंवा पोलीस, पोस्ट मागाहून. नुसता तुसडेपणा असेल तर तुमच्या बॅचच्या ग्रुपवर सांगा, म्हणजे पुढचा तयारीने जाईल.

प्र. सहा महिन्यांनी त्याच चॅनलमधून परत फोन आला. जाऊ?

जा. आधी फक्त विचारून घ्या की तेव्हाचे इनपुट हेड अजून आहेत का. बहुतेक वेळा ते दुसऱ्या चॅनलात गेलेले असतात, म्हणजे हा इंटरव्ह्यू बरा होईल, आणि त्या दुसऱ्या चॅनलात तुम्ही अर्ज टाकलेला असेल तर मात्र वरचं सगळं परत एकदा वाचून जा.